डोंगराआडच्या वाडीवर नेट आणलं: अँटेना, पाईप, केबल आणि वाया गेलेले पैसे

खवाभट्टी (भूम)

नमस्कार. तीन पावसाळे ज्या कटकटीत गेले ती आता बऱ्यापैकी मिटली आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. आपल्याकडं वाड्या-तांड्यांवर हाच प्रश्न असलेली पुष्कळ घरं आहेत, आणि अँटेना विकणारे जे सांगतात त्यातलं निम्मं कामाचं नसतं.

आमची वाडी बालाघाटाच्या खाचेत बसलीय. उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगराची सोंड, पूर्वेला ओढा, त्याच्या पलीकडं मोकळं शिवार. घर म्हणजे जुनं माळवद, त्याला लागून स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागं पत्र्याखाली खव्याची भट्टी. पुण्या-सोलापूरच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर रात्री व्हॉट्सॲपवर येते आणि पहाटे गाडी निघते. त्यांनी रात्री दहाला पाठवलेली ऑर्डर आम्हाला दिसायची सकाळी सातला, गाडी गेल्यावर. महिन्यातून तीन-चारदा तरी असं व्हायचं. लेक दहावीला, तिचे तास ऐकायचे तर टाकीवर चढून बसायचं. पीक पाहणीचा फोटो चढवायला हे मोटारसायकलवर वरच्या माळापर्यंत जायचे.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून अँटेना आणला. खोक्यावर ‘३५ डीबीआय’ छापलेलं (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती वाढवून पकडतो त्याचं माप), सोबत २० मीटर बारीक काळी केबल. अँटेना गच्चीवर बांधला, केबल खिडकीतून आत राउटरला जोडली. नेट आधीपेक्षा मंद झालं! दुकानदार म्हणाला, तुमच्याकडं टावरच नाही.

माझा भाऊ लातूरला असतो, इलेक्ट्रॉनिक्सचं शिकलेला. दिवाळीला आला तेव्हा त्यानं अँटेनाला हात लावायच्या आधी वही मागितली. म्हणाला, फोनवरच्या दांड्या बघू नको, त्या प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं दाखवते. आकडा बघ. अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* टाकलं की बऱ्याच फोनमध्ये फोनच्या माहितीचं पान उघडतं, नाही उघडलं तर सिग्नलचा आकडा दाखवणारी ॲप फुकट मिळतात. त्यात आरएसआरपी नावाचा आकडा असतो, नेहमी उणे. उणे ८५ म्हणजे छान, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० च्या खाली ओढाताण, उणे १२० ला रेंज तुटायला येते. दुसरा आकडा एसआयएनआर, म्हणजे टावरचा आवाज गोंगाटाच्या किती वर आहे ते. तो २० असला तर उत्तम, शून्याच्या खाली गेला की काही खरं नाही.

त्या दिवशीची वही अजून आहे:

माळवदात देवळीजवळ: उणे ११९
भट्टीच्या पत्र्याखाली: उणे १२१, मधेच रेंज गायब
स्लॅबवर: उणे १०९
टाकीवर उभं राहून हात वर करून: उणे १०४

हे आकडे डेसिबलमध्ये असतात, साधे मोजायचे नसतात. ३ डेसिबल वाढले की सिग्नलची ताकद दुप्पट होते, १० वाढले की दसपट. देवळीपासून टाकीपर्यंत १५ डेसिबलचा फरक, म्हणजे बत्तीसपट सिग्नल. त्याला एक रुपया लागला नाही, फक्त उंची लागली. माळवदाची भिंत दोन हात जाड, वर मातीचा थर. किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी अशी घरं पाडून स्लॅब घातले, आम्ही पाडलं नाही. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा कुठं नाही, पण रेंजला ती भिंत आणि पत्रा दोन्ही वैरी.

मग जुन्या अँटेनाचा हिशोब केला. हातभर लांबीच्या तसल्या अँटेनाची खरी कमाई ९ ते ११ डीबीआय असते. आमच्याकडचा फोरजी सिग्नल १८०० मेगाहर्ट्झ फ्रीक्वेन्सीचा, त्याला खरोखर ३५ डीबीआय मिळवायचं तर सुमारे ४ मीटर व्यासाची डिश लागेल. आणि ती बारीक केबल, आरजी-५८ जातीची, १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागं पाऊण डेसिबल तरी खाते. २० मीटरला झाले १५. अँटेनानं १० कमावले, केबलनं १५ घालवले. दुकानदार म्हणाला होता केबल लांब घ्या, कुठंही नेता येईल. आमचे ४,२०० रुपये त्या केबलमध्ये गेले.

दुसरी गोष्ट मला स्वतःला सुचली नसती. आम्ही अँटेनाचं तोंड जवळच्या टावरकडं केलं होतं. तो सरळ रेषेत ३ किलोमीटरवर आहे, पण सोंडेच्या पलीकडं. रात्री जेवणं झाल्यावर मामंजी, भाऊ आणि मी टाकीवर चढलो. पूर्वेकडं, पार शिवाराच्या टोकाला, एक लाल दिवा. मामंजी म्हणाले, तो तर सात किलोमीटरवरचा टावर, त्याचं इथं काय येणार? भावानं सांगितलं की मोकळ्या वाटेनं ३ ऐवजी ७ किलोमीटर गेलं तर जेमतेम ७ डेसिबल जातात, मधे डोंगर आला तर २० किंवा त्याहून जास्त. आणि नुसता दिवा दिसूनही भागत नाही. ७ किलोमीटरच्या वाटेत, मधोमध, त्या रेषेभोवती सगळ्या बाजूंनी १७-१७ मीटरची जागा लागते, त्यातली निम्म्याहून जास्त तरी मोकळी हवी. म्हणून पाईप उंच.

शेवटी केलं ते असं. गच्चीवर २० फुटी जीआय पाईप, तीन बाजूंनी तार ओढून. वर दोन अँटेना, १८०० मेगाहर्ट्झचे. राउटर घरात न ठेवता पाईपलाच, अँटेनाखाली प्लास्टिकच्या जलरोधक पेटीत. अँटेना ते राउटर चांगल्या जाड केबलचे फक्त दीड मीटर. तिथून घरात लॅन केबल. लॅन केबलमध्ये सिग्नल आकड्यांच्या रूपात येतो, १०० मीटरपर्यंत त्यातलं काही कमी होत नाही. माझ्या मते सगळ्या खटाटोपातली मुख्य गोष्ट हीच. कोॲक्सची, म्हणजे अँटेनाची, केबल जेवढी आखूड तेवढं बरं, राउटरच वर न्या.

मग मामंजी पाना घेऊन पाईप फिरवायला, लेक खालून फोनवर आकडा वाचायला, मी वहीत लिहायला. एका वेळी वीतभरसुद्धा नाही, चार बोटं फिरवायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. आकडा लगेच बसत नाही. दिव्याच्या सरळ रेषेत उणे ९५ आला, थोडं दक्षिणेला सरकवल्यावर उणे ९२. एसआयएनआर १ वरून १३ वर. आधी कसाबसा एक एमबीपीएस मिळायचा, आता दुपारी १४-१५ आणि रात्री ८ ते १० च्या दरम्यान चार-पाच.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी इंजिनिअर नाही, पण आमच्या पाईपवर काय काय चुकलं ते सगळं सांगू शकते.

आखाड्यावरून (औंढा नागनाथ)

ताई, वाचून लई बरं वाटलं. आमचा आखाडा गावापासून दोन किलोमीटरवर, लाईट आहे पण रेंज नाही. राउटर घ्यायला पैसा नाही, साधा फोन आहे. फोनला असा अँटेना जोडता येतो का? यूट्यूबवर एकजण तांब्याची तार फोनला गुंडाळून दाखवू लागलाय.

खवाभट्टी

दादा, तारेच्या नादी लागू नका. आताच्या फोनला बाहेरचा अँटेना जोडायला जागाच नसते. पण तुमच्यासारख्यांसाठी माझ्या भावानं सांगितलेला उपाय करून बघा. घरात एखादा जुना फोरजी फोन पडून असेल तर त्यात सिम घालून हॉटस्पॉट चालू करा आणि तोच फोन उंच ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात घालून काठीवर किंवा झाडाला, चार्जरची वायर वरपर्यंत. खाली तुमचा फोन वाय-फायवर. अँटेना नाही, केबल नाही, नुसत्या उंचीचा फायदा. आधी चढून आकडा तेवढा बघा, खालच्यापेक्षा ८-१० डेसिबल चांगला येत असेल तरच मेहनत घ्या.

जुना मेकॅनिक (अंबाजोगाई)

मी ३० वर्षं टीव्ही दुरुस्त केले, गावोगाव अँटेना लावले. तेव्हा सगळ्या शिवारातले अँटेने अंबाजोगाईच्या दूरदर्शन टॉवरकडं तोंड करून असायचे, एखाद्या घरी वावटळीनं तोंड फिरलं की लगेच निरोप यायचा. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो.

एक. बरेच जण विचारतात, माळ्यावरचा जुना टीव्ही अँटेना चालेल का. नाही चालत. अँटेनाच्या काड्यांची लांबी लहरीच्या निम्म्याच्या आसपास असते. २०० मेगाहर्ट्झच्या टीव्ही चॅनेलला पाऊण मीटरची काडी लागते, १८०० मेगाहर्ट्झला साधारण ८ सेंटीमीटरची. काड्या कापून कुणी करत असेल तर अंतरंही सगळी नव्यानं बसवावी लागतात, ते घरी साधत नाही.

दोन. टीव्हीचे अँटेने आडवे बसवायचो. मोबाइल टावरवरचे तिरके असतात, एक ४५ अंश डावीकडं, दुसरा ४५ अंश उजवीकडं. राउटरलाही दोन अँटेने त्यासाठीच लागतात, दोन्हींवरून वेगवेगळा डेटा येतो. ताईंनी दोन लावले ते बरोबर, पण कसे लावले ते लिहिलं नाही. दोन्ही सरळ उभे असतील तर एकमेकांसारखंच ऐकतात, दुसऱ्याचे पैसे वाया.

खवाभट्टी

काका, नेमकं धरलंत. आधी दोन्ही उभेच होते. भावानं फोनवर सांगितल्यावर मामंजींनी फुलीसारखे तिरके केले, मधे साधारण दोन फूट अंतर ठेवून. आरएसआरपी होता तेवढाच राहिला पण वेग ९ वरून १४ झाला. हे मूळ लिखाणात यायला हवं होतं.

सागाच्या बनात (किनवट)

आमच्याकडं वेगळीच गंमत आहे. उन्हाळ्यात नेट चालतं, पावसाळ्यात बंद पडतं. मार्च-एप्रिलला सागाची पानगळ झाली की दोन दांड्या वाढतात. मिरगानंतर पालवी भरली की गेल्या. कंपनीला तक्रार केली तर म्हणतात टावर चालू आहे.

जुना मेकॅनिक

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. सागाचं पान सुपाएवढं, त्यात पाणी भरलेलं, वर पाऊस. लहर त्यात मुरते. जितकी फ्रीक्वेन्सी जास्त तितकं पान जास्त खातं. तुमच्या फोनवर कोणता बँड आहे ते बघा. बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ, बँड ३ म्हणजे १८००, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड २८ म्हणजे ७००. जंगलात आणि डोंगराच्या कडेला खालचे बँड चालतात, ते वळसा घालून पोचतात. त्यांची रुंदी, म्हणजे कंपनीकडं असलेला फ्रीक्वेन्सीचा पट्टा, सहसा कमी असते, म्हणजे वेग कमी, पण तुटत नाही. ५ मेगाहर्ट्झच्या रुंदीत फोरजीला कागदावर ३७ एमबीपीएस, २० मेगाहर्ट्झमध्ये १५०. तुम्हाला ३७ मधले ५ मिळाले तरी पोराचा अभ्यास होईल. राउटरमध्ये बँड पक्का करायची सोय असते, ती असलेलाच घ्या. आणि अँटेना त्याच बँडचा. २३०० चा अँटेना ८५० ला उपयोगाचा नाही.

सागाच्या बनात

बघितलं. पावसात ४० वरून ५ वर, ५ वरून परत ४० वर उड्या मारू लागलाय. त्या उड्यांतच तुटत असणार. मोकळी रेषा तर आमच्याकडं कुठंच नाही, चारी बाजूंनी साग.

जुना मेकॅनिक

मग ८५० चा अँटेना, बँड ५ पक्का, आणि पाईप झाडाच्या शेंड्याच्या वर काढता आला तर काढा. नाही आला तर ज्या बाजूला झाडी विरळ तिकडून प्रयत्न करा, टावर थोडा तिरका पडला तरी चालतं. शिवाय ग्रामपंचायतीला अर्ज द्यायला लावा. केंद्रानं जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांना फोरजी द्यायची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली आहे, ती रेंज नसलेल्या दुर्गम गावांसाठीच आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का हे सरपंचांनी विचारलंच पाहिजे.

दुकानवाला (परतूर)

एवढं सगळं करण्यापेक्षा बूस्टर लावा. ऑनलाइन मिळतो. आमच्या बाजूच्या मंगल कार्यालयात लावलाय, घरभर चारही दांड्या.

खवाभट्टी

दादा, विनंती करते की तो लावू नका आणि कुणाला सुचवूही नका. आम्हीही तो घ्यायच्या बेतात होतो, भावानं अडवलं. अँटेना आहे तोच सिग्नल एका दिशेला एकवटतो, स्वतःहून काही जोरात ओरडत नाही. बूस्टर सिग्नल वाढवून परत हवेत फेकतो, आणि टावरकडं जाताना सोबत गोंगाटही वाढवून पाठवतो. टावरला मग आसपासच्या सगळ्या वाड्यांचे फोन ऐकू येईनासे होतात. एका घरात चार दांड्या आणि बाकी शिवार मुकं. परवानगीशिवाय तो लावणं कायद्यानं गुन्हा आहे, १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून. दूरसंचार विभागाची माणसं यंत्र घेऊन शोधत येतात आणि बूस्टर जप्त करतात. रात्री एखाद्या बाळंतिणीसाठी १०८ ला फोन लावायचा असेल आणि आपल्यामुळं तो लागला नाही, तर काय करायचं?

दुकानवाला

गोंगाटाचं माहीत नव्हतं. कार्यालयवाल्यांना दाखवतो हे.

गोदाकाठ (गंगाखेड)

माझा प्रश्न उलटा आहे. डाउनलोड बऱ्यापैकी येतं, पण अपलोड होतच नाही. आपले सरकारचं केंद्र चालवतो, लोकांची कागदपत्रं चढवायची असतात. ४०० केबीची फाइल गोल फिरत राहते.

खवाभट्टी

पीक पाहणीच्या फोटोला आमचं हेच व्हायचं. टावर कितीतरी वॉटनं बोलतो, फोन किंवा राउटर जास्तीत जास्त २०० मिलिवॉटनं. म्हणजे टावरचं आपल्याला ऐकू येतं पण आपलं त्याला जात नाही. फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते ती त्याच ओरडण्यामुळं. दिशेचा अँटेना दोन्हीकडून काम करतो, जेवढं ऐकण्यात वाढतं तेवढंच बोलण्यातही. आमच्याकडं अपलोड ०.२ वरून ४ वर गेलं, मला तर डाउनलोडपेक्षा त्याचंच अप्रूप. एक तपासा. काही राउटरना मागं गोल जोड असतो पण सेटिंगमध्ये ‘बाहेरचा अँटेना’ निवडल्याशिवाय तो चालू होत नाही. आणि वाय-फायचे दांडे ज्या जोडाला असतात तो वेगळा. त्यात फोरजीचा अँटेना फिरवला तर बसल्यासारखा वाटतो, पण आतला जोड लागत नाही.

गोदाकाठ

तेच होतं! वाय-फायच्या जोडाला लावला होता. बदलला. उणे १०८ चा उणे ९९ झाला, फाइल दोन मिनिटांत गेली. चार महिने लोकांना परत पाठवत होतो.

विजेला भ्यालेला (कळंब)

कुणीच विजेबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितोय. आपल्याकडं एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात हे सांगायला नको, दरवर्षी शिवारात माणसं आणि जनावरं जातात. गच्चीवर २० फुटी लोखंडी पाईप उभा करताना अर्थिंग आधी, अँटेना नंतर. आमच्या भावकीत नुसत्या डिशच्या केबलमधून टीव्ही आणि फ्रिज दोन्ही गेले, वीज घरावर पडलीसुद्धा नव्हती, शेजारच्या बाभळीवर पडली होती.

खवाभट्टी

तुमचं अगदी खरं. आम्ही पाईपपासून जाड तांब्याची तार सरळ खाली आणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात सोडली आहे, वाकडीतिकडी वळणं न देता. अँटेना आणि राउटरच्या मधे सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारा जोड. तरी वीज थेट पडली तर यातलं काही टिकत नाही, म्हणून ढग दाटायला लागले की, गडगडायच्या आधीच, घरात येणारी लॅन केबल आणि राउटरचा प्लग दोन्ही काढून ठेवायचे, हे काम लेकीकडं आहे. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र गच्चीवर कुणी जायचं नाही आणि केबललाही हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप सगळ्यांनी घ्या, आसपास वीज पडायची शक्यता ते आधी सांगतं.

गोदाकाठ

ताई, अजून एक. तुमच्यासारखाच राउटर पेटीत वर नेला. रात्री बरा चालतो, दुपारी आपोआप बंद होऊन चालू होतो.

खवाभट्टी

दोन कारणं असू शकतात, आमच्याकडं दोन्ही होती. पहिलं ऊन. मे महिन्यात ४२-४३ अंशाला बंद पेटीत भट्टी होते. पेटी पांढरी हवी, पाईपच्या उत्तर अंगाला, खालून जाळी लावलेली भोकं, वरून पत्र्याचा छोटा छज्जा, पेटीला न टेकता. दुसरं, वीज कमी पोचणं. लॅन केबलच्या बारीक तारांतूनच १२ व्होल्ट पाठवत असाल तर १५ मीटरमध्ये एक-सव्वा व्होल्ट वाटेतच जातो आणि राउटर जोरात चालला की बंद पडतो. आम्ही दीड एमएमची साधी घरगुती वायर वेगळी ओढली, त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. घरात इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, लाईट गेल्यावर तीन-चार तास काढतो. टावरचीच बॅटरी उतरली तर मात्र आपण काही करू शकत नाही.

आखाड्यावरून

ताई, केलं. पोरीचा जुना फोन, पाच किलोचा तेलाचा प्लास्टिक डबा, लिंबाच्या झाडाला दोरीनं वर ओढला, २५ फुटांवर. खाली उणे ११६ होता, वर उणे १०३. रात्री बाज टाकून खालीच बसलो सगळे. पोरगा पुण्याला कंपनीत आहे, पहिल्यांदाच आखाड्यावरून त्याला व्हिडिओवर बघितला. आईनं त्याला म्हशीचं नवं रेडकू दाखवलं. फक्त दुपारी फोन लई तापतो, हात लावू देईना.

खवाभट्टी

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. डबा लगेच झाडाच्या उत्तर बाजूला दाट पानोळ्यात घ्या, झाकणाला आणि बुडाला भोकं पाडा, पावसाचं पाणी जाणार नाही अशी तिरकी. फोनचं मागचं कव्हर काढून टाका. चार्जर दिवसभर लावू नका, जुनी बॅटरी फुगते. टायमरचा प्लग शे-दोनशे रुपयांत मिळतो, सकाळी तासभर आणि संध्याकाळी दोन तास पुरेल. आणि दोरी नायलॉनची असेल तर उन्हानं कमजोर होत जाते, मृग लागायच्या आत बदला.